लांब एमटीबी रेस: काय प्यायचं, काय खायचं आणि नेमकं कुठे

पहिल्या मोठ्या एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांवरच्या माउंटन बाइक रेससाठी नाव नोंदवलं की नवी मुलं-मुली टायर, सस्पेन्शन, गिअर याबद्दल भरभरून विचारतात. खाण्यापिण्याचा विषय निघतो तो आदल्या रात्री, आणि तोवर उशीर झालेला असतो. पाच तासांच्या रेसमध्ये चौथ्या तासाला पाय गळून कडेला बसलेले जे दिसतात, त्यांच्या पिशवीत बहुतेक वेळा अर्धं पाणी आणि जवळजवळ सगळा खाऊ शिल्लक असतो. सामान असतं, ते पोटात कधी जायचं हे ठरलेलं नसतं. म्हणून मी प्रत्येकाला आधी एवढंच सांगतो: खाण्याचं वेळापत्रक मार्गाचा नकाशा समोर ठेवून लिहा. भूक आणि तहान लागायची वाट पाहू नका.

डांबरी रस्त्यावर हे सोपं असतं. २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल रेस पूर्ण केली. तसल्या रेसमध्ये मागे गाडी असते, माणसं असतात, खाणं हातात मिळतं. ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर, तुमचं तुम्हीच वाहायचं आणि तुमचं तुम्हीच काढून खायचं. अंजनेरीच्या बाजूला दगडगोट्यांच्या उतारावर दोन्ही हात हँडलवर आणि बोटं ब्रेकवर हवीत. तिथे बाटलीकडे हात नेलात की आपटलातच. खड्या चढावर वेग कमी असतो खरा, पण तोंड श्वासाला लागतं आणि कोरडा घास घशात अडकतो. उरतात त्या धरणाकाठच्या सपाट कच्च्या वाटा, द्राक्षमळ्यांमधले रस्ते आणि उतार संपून चढ लागण्याआधीचे शे-दोनशे मीटर. मार्गाची फाइल हातात आली की या जागा शोधून ठेवा. मी पांढऱ्या चिकटपट्टीवर बारीक अक्षरात ‘१४ खा, २२ पी, ३१ बाटली भर’ असं किलोमीटरनुसार लिहून सायकलच्या वरच्या नळीवर लावतो आणि शाई पसरू नये म्हणून वरून सेलोटेप मारतो. दमलेलं डोकं हिशेब करत नाही, पण वाचू शकतं.

आता पाण्याचा आकडा. तो दुसऱ्याचा उसना घेऊन चालत नाही, कारण दोन माणसांच्या घामात दुपटीचाही फरक असू शकतो. रेस ज्या वेळेला आणि ज्या हवेत असेल, तशाच वेळी गिरणारे रस्त्याला एक तास रेसच्या जोरात सायकल चालवा. जाण्याआधी आणि आल्यावर अंग पुसून कमीत कमी कपड्यांत वजन करा. मधल्या काळात लघवीला जाऊ नका. समजा ६८ किलोचे ६७.५ झाले आणि वाटेत अर्धा लिटर प्यायलात, तर ताशी घाम एक लिटर. तो सगळा भरून काढायची गरज नाही. शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी उणं होऊ द्यायचं नाही, असा ढोबळ नियम आहे. या उदाहरणात पाच तासांत पाच लिटर जाणार, सव्वा ते दीड लिटरची तूट चालेल, म्हणजे ताशी साधारण पाऊण लिटर प्यायचं. ऑक्टोबरच्या उन्हात हा आकडा वाढतो. डिसेंबरच्या पहाटे तहान लागत नाही म्हणून बाटली भरलेलीच परत येते, आणि ऊन चढल्यावर त्याचा त्रास होतो. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही. भिजलेल्या अंगावर तो कळतही नाही, तरी जातोच. प्रत्येक ऋतूत वजन पुन्हा करून बघा.

उलट टोकही धोक्याचं आहे. भीतीपोटी लिटरच्या लिटर साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं दिसली तर आणखी पाणी पाजू नका, डॉक्टर गाठा. राइडनंतर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पीत आहात.

इंधनाचं गणित असं: शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, जोराच्या राइडमध्ये दीड-दोन तास पुरतं. पुढचं वाटेतच घालावं लागतं. नवख्याने ताशी ३० ग्रॅम कर्बोदकांपासून सुरुवात करून ६० पर्यंत जावं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यात वेगवेगळ्या वाटांनी शोषले जातात, त्यामुळे दोन्ही मिळून सरावलेली माणसं ९० पर्यंतही पचवतात. आणि साधी साखर म्हणजे हीच दोन निम्मी-निम्मी. माझी ताशी बाटली अशी: अर्धा लिटर पाणी, ४० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. पाव चमचा मीठ म्हणजे साधारण दीड ग्रॅम, त्यात ६०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम. याशिवाय पाठीवरच्या पिशवीतून पाव लिटर साधं पाणी. साखर-मीठ घरी काट्यावर तोलून छोट्या पिशव्यांत भरून घेतो, पाण्याच्या ठिकाणी बाटलीत ओततो. लिंबाऐवजी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व चिमूटभर. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

बरेच जण ओआरएसवर पाच तास काढू पाहतात. ओआरएस जुलाबासाठी बनवलेलं आहे: लिटरमागे ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम. मीठ भरपूर मिळेल, पाय चालवायला साखर मिळणार नाही. सोबत खाणं हवंच.

ताशी ६० ग्रॅमपैकी ४० माझ्या बाटलीतून जातात, उरलेले २० ग्रॅम चावून खायचे. त्यासाठी आपल्या जिल्ह्यात बेदाण्यासारखी दुसरी चीज नाही. मूठभर बेदाण्यांत, म्हणजे साधारण २५ ग्रॅममध्ये, हे काम होतं. झिपची पिशवी जर्सीच्या मागच्या खिशात ठेवण्यापेक्षा हँडलजवळच्या छोट्या थैलीत ठेवा आणि ती आधीच अर्धी उघडी ठेवा. ग्लोव्ह्ज घातलेल्या घामट हातांनी झिप उघडत नाही. केळं चांगलं, पण खडबडीत ट्रेलवर खिशात त्याचा लगदा होतो, म्हणून ते पहिल्या तासात संपवावं. शेंगदाण्याची चिक्की चवीला छान, पण तेलबियांमुळे पोटात रेंगाळते. एनर्जी जेल (पुडीतला साखरेचा दाट पाक) घेणार असाल तर त्यावर साधं पाणी प्या, सरबत नको.

आदल्या रात्री मिसळ नको. नाशिककराला हे सांगणं जिवावर येतं, पण तर्री आणि मोड आलेली कडधान्यं दुसऱ्या दिवशी झुडपामागे थांबायला लावतात. वरणभात किंवा मुगाची मऊ खिचडी, तेल बेताचं. सकाळी रेसच्या तीन तास आधी कमी तेलाचे पोहे किंवा गूळ घालून भात, आणि अर्धा लिटर पाणी सावकाश.

यातलं काहीही रेसच्या दिवशी पहिल्यांदा करू नका. आतड्यालाही सराव लागतो. महिना-दीड महिना आधीपासून दर रविवारच्या लांब राइडला, काश्यपी धरणाकडे जा नाहीतर वाघेरा घाटात, तीच बाटली, तेच बेदाणे, त्याच वेळा पाळा. पोट डुचमळलं तर साखर थोडी कमी करा किंवा पाणी वाढवा आणि पुढच्या रविवारी पुन्हा बघा.

एक गोष्ट मात्र सरावातही सहज लक्षात येत नाही. चौथ्या तासानंतर गोडाचा वीट येतो आणि बाटली तोंडाशी न्यावीशी वाटत नाही. त्यासाठी उकडलेल्या बटाट्याचे छोटे तुकडे मीठ लावून बटर पेपरमध्ये बांधून ठेवा. १०० ग्रॅम बटाट्यात जवळपास २० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे गोड बेदाणे न खाताही त्या तासाचे चावून खायचे २० ग्रॅम भरतात. सकाळी उकडलेले उन्हात पाच तास आंबू नयेत म्हणून मी ते शेवटच्या पाण्याच्या ठिकाणी, बर्फाच्या बाटलीशेजारी, माझ्या नावाच्या पिशवीत ठेवायला देतो.