जुनी फायबर होडी: डेकवर काही चढवण्याआधी

आधी झोका मोजा. आडोशाच्या शांत पाण्यात, दोर ढिले सोडून, होडी आडवी हलवा आणि हात काढा. डावीकडून उजवीकडे आणि परत, असे ४ झोके मोजून सेकंदांना ४ ने भागा. आकडा लिहून ठेवा.

छप्पर, विंच (दोर-जाळं ओढायचं यंत्र), बर्फपेटी, प्रत्येक कामानंतर पुन्हा मोजा. डिझेल आणि माणसं तेवढीच हवीत. वेळ वाढला तर बहुधा वजन वर गेलंय, म्हणजे होडी उलटण्याचा धोका वाढलाय. संथ डोलणं अंगाला बरं वाटतं, फसवतंही तेच.

बर्फपेटी डेकवर नको, खाली मध्यावर बसवा. तिच्यात मधोमध लांबीच्या दिशेने फळी घाला: वितळलेलं पाणी एका कडेला धावून होडी कलवण्याचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो.

डेकवरचं पाणी तर लगेच बाहेर पडलंच पाहिजे. २ मीटर बाय १ मीटर जागेत १० सेंटीमीटर साचलं, की २०० किलो झाले. कडेची भोकं जाळ्याच्या चिंध्यांनी तुंबतात. जाळी बसवा, रोज बोट घालून बघा.

डेक ठोकून पाहा. बद्द आवाज आला तर बहुधा आतलं लाकूड किंवा फोम भिजलाय. तिथे बोल्ट मारू नका.