पोर्ट वाईन कोकणातल्या हवेत कशी प्यायची (आणि तळलेल्या बांगड्याबरोबर का नाही)

आपल्याकडे सिंधुदुर्गात पोर्ट म्हटलं की डोळ्यासमोर येते ती गोव्यातली गोडुस स्वस्त बाटली, जी लग्नात, नाताळात नाहीतर पिकनिकला कोणीतरी काढतो आणि स्टीलच्या ग्लासात अर्ध्यापर्यंत ओततो, वर म्हणतो, "ह्या तर सरबत आसा रे!" मग तासाभराने त्याच सरबताने तो आडवा होतो. त्या बाटलीला नावं ठेवायची नाहीत मला, बर्फ आणि लिंबू घालून ती मस्त लागते, पण ती म्हणजे पोर्ट नव्हे. ती आपल्या द्राक्षांची, बऱ्याचदा बंगलोर ब्लूची, गोड वाईन. खरी पोर्ट पोर्तुगालमधल्या डोरू नदीच्या खोऱ्यातच होते, त्या भागाची हद्द 1756 मध्येच आखून दिलेली आहे, आणि ती परंपरेने मुरते पोर्टो शहरासमोर, नदीपलीकडच्या गाया शहरातल्या गोदामांत.

ती गोड का आणि कडक का हे कळलं की प्यायचं कसं ते आपोआप कळतं, म्हणून जरा थांबून हे वाचा. द्राक्षाचा रस आंबायला लागला की त्यातली साखर संपत जाते आणि अल्कोहोल वाढत जातं. साध्या वाईनमध्ये हे पूर्ण होऊ देतात. पोर्टमध्ये दोन-तीन दिवसांतच, साधारण निम्मी साखर शिल्लक असताना, त्यात द्राक्षाचंच 77 टक्क्यांचं स्पिरिट ओततात, साधारण चार भाग रसाला एक भाग. एवढ्या कडक रसात आंबवणारं यीस्ट जगत नाही, आंबणं थांबतं, साखर राहून जाते. म्हणजे गोडवा द्राक्षाचाच असतो, वरून साखर टाकलेली नसते. आणि सालीतून रंग काढायला वेळ एवढा कमी असल्यामुळे दगडी हौदात माणसं उतरून पायांनी द्राक्षं तुडवायची पद्धत काही ठिकाणी अजून टिकून आहे. शेवटी बाटलीत 19 ते 22 टक्के अल्कोहोल असतं.

आता हिशोब करा. 60 मिली पोर्टमध्ये साधारण 12 मिली शुद्ध अल्कोहोल आणि 6 ग्रॅमच्या आसपास साखर. तसा 200 मिलीचा स्टीलचा ग्लास पूर्ण भरून पोर्ट प्यायली तर 40 मिली अल्कोहोल पोटात गेलं, दीड मोठ्या व्हिस्की पेगपेक्षा जास्त, आणि गोड असल्यामुळे जिभेला पत्ताच लागत नाही. म्हणून माणशी 60 मिली, फार तर अजून एकदा तेवढीच. शुगर असेल तर डॉक्टरांना विचारा, मला नको.

बाटली घेताना लेबल बघा. रुबी म्हणजे मोठ्या टाक्यांत, हवा फारशी न लागू देता ठेवलेली, त्यामुळे रंग गडद लाल राहतो आणि चव ताज्या फळाची. टॉनी म्हणजे लहान लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं ठेवलेली, लाकडातून हवा थोडीथोडी लागत राहते, रंग विटकरी तपकिरी होतो आणि चव सुक्यामेव्याकडे जाते. टॉनीवर 10, 20, 30, 40 असे आकडे असतात, ते मिश्रणाचं वय. एकाच वर्षीच्या द्राक्षांची टॉनी असेल तर तिला कोल्हेइता म्हणतात, ती कमीत कमी सात वर्षं लाकडात असते. एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज) म्हणजे एकाच वर्षीच्या द्राक्षांची, चार ते सहा वर्षं लाकडात ठेवून मग भरलेली. व्हिंटेज म्हणजे एखाद्या खास वर्षीच्या द्राक्षांची, दोन-तीन वर्षांतच बाटलीत भरलेली आणि पुढची दशकं बाटलीतच मुरणारी. पहिल्यांदा घेत असाल तर माझं मत सरळ आहे, 10 वर्षांची टॉनी घ्या. व्हिंटेज आपल्या हवेत सांभाळणं म्हणजे डोक्याला ताप, नेहमी एकसारखी थंड जागा लागते, बाटली आडवी ठेवावी लागते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल ते महावितरणलाही माहीत नसतं. टॉनीला वर टोपीवाला बूच असतो, ती उभीच ठेवायची.

मुख्य गोष्ट तापमान. पुस्तकात लिहिलेलं असतं की रुबी 16 ते 18 अंशांवर द्या, टॉनी 12 ते 14 वर, आणि आपल्याकडे लोक समजतात की रेड वाईन म्हणजे फ्रीजमध्ये ठेवायची नाही, रूम टेम्परेचरला प्यायची. अहो, मे महिन्यात मालवणात रूम टेम्परेचर 32 असतं! त्या तापमानाला पोर्टमधून नुसतं स्पिरिट नाकात येतं आणि गोडवा काकवीसारखा जिभेला चिकटतो. सरळ फ्रीजमध्ये ठेवा, रुबी प्यायच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा, टॉनीला 15-20 मिनिटं पुरेत. ग्लासात थोडी थोडीच घ्या, कारण आपल्या हवेत ग्लासातली बघता बघता गरम होते.

ग्लास लहान पण वर निमुळता असलेला, एक तृतीयांशच भरायचा. दमट हवेमुळे ग्लासावर बाहेरून पाणी धरतं, ते आधी पुसा नाहीतर रंग दिसणारच नाही. मग पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून कडेचा रंग बघा, जांभळट लाल असेल तर तरुण, कडेला विटकरी-मधाळ झाला असेल तर वय झालेलं. वास घेताना नाक आत खुपसू नका, 20 टक्के अल्कोहोल आहे, नाक बधिर होतं आणि मग काहीच कळत नाही. ग्लास जरा लांब धरून हळू हळू जवळ आणा. रुबीत आपल्या लोकांना करवंद आणि जांभूळ पटकन सापडतं, परदेशी लोक ज्याला ब्लॅकबेरी म्हणतात ते आपल्याला खाऊन माहीतच नसतं त्यामुळे उगाच तो शब्द वापरू नका. टॉनीत भाजलेला काजू, सुकं अंजीर, करपत आलेली साखर, संत्र्याची साल. घोट अगदी छोटा घ्या, तोंडभर फिरवा, दोन-तीन सेकंद थांबून मग गिळा. आधी गोड, मग आंबट, मग हिरड्यांना थोडा तुरटपणा, शेवटी घशाला ऊब. गिळल्यावर चव किती वेळ राहते ते बघा, चांगल्या टॉनीची बराच वेळ रेंगाळते, स्वस्तातल्या गोड वाईनची लगेच जाते आणि साखर तेवढी मागे राहते.

आता बांगडा. नको. लाल वाईनमधल्या लोहामुळे माशाबरोबर तोंडाला वशट चव येते, आणि मालवणी मसाल्याच्या तिखटावर एवढं अल्कोहोल पडलं की तिखट अजून भाजतं. पोर्ट जेवण झाल्यावर, तोंड धुवून, गप्पा मारताना. टॉनीबरोबर भाजलेले काजू (खारवलेले चालतील, मसाला काजू नको), नारळाच्या वड्या, गुळाचं धोंडस, आणि गोव्याहून बेबिंका आली असेल तर काय विचारता, दोघांतही तीच करपट साखर. खाजा मात्र मला जमला नाही, त्यातलं आलं सगळं खाऊन टाकतं. रुबी किंवा एलबीव्हीबरोबर डार्क चॉकलेट, नाहीतर परदेशी निळ्या बुरशीचं चीज मिळालं तर ते, खारट आणि गोड एकत्र छान लागतं. फणसपोळी तोंडात असताना वाईनचा वास येत नाही, फणसच जिंकतो.

जुनी व्हिंटेज कोणी भेट दिलीच तर आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, गाळ खाली बसतो, मग बाटलीच्या मानेमागे मोबाईलचा टॉर्च धरून सावकाश दुसऱ्या भांड्यात ओता आणि गाळ वर यायला लागला की थांबा. ती दोन-तीन दिवसांत संपवायची. रुबी आणि एलबीव्ही बूच लावून फ्रीजमध्ये आठवडा-दोन आठवडे ठीक राहते, टॉनी महिनाभर, कारण तिला हवेची आधीच सवय झालेली असते.

आणि हो, गोव्यातून आणायची असेल तर परवाना काढा, बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात आणि "घरच्यासाठी आणलीय" हे कारण तिथे चालत नाही. फ्रीजमध्ये तळाशी राहिलेली शिळी रुबी फेकू नका, नाताळच्या केकसाठी मनुका-काजू त्यात भिजत घाला.