नगरपरिषदेचं अंदाजपत्रक कसं बसवायचं: खर्चाच्या पानावरचं बोट काढा

आमच्या समोरच्या वाड्यातली सून डिसेंबरच्या निवडणुकीत नगरसेविका झाली. तीन-चार वर्षं प्रशासकाच्या हाती असलेल्या कितीतरी नगरपरिषदांमध्ये २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा सदस्य आले, त्यातली ही एक. फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती काखेत जाडजूड बाड घेऊन आली. "काकू, पुढच्या आठवड्यात बजेटची विशेष सभा आहे. हे वाचायचं कुठून?" तिचं बोट खर्चाच्या एका पानात अडकवलेलं होतं. तिच्या प्रभागातली गटार त्या पानावर होती.

मी म्हटलं, आधी ते बोट काढ.

मी एका क वर्ग नगरपरिषदेच्या लेखा विभागात नोकरी केली आणि लेखापाल म्हणून निवृत्त झाले. क वर्ग म्हणजे लोकसंख्या ४० हजारांच्या आत, त्याच्या वर एक लाखापर्यंत ब, आणि त्याहून मोठी ती अ. तिला त्या रात्री चहाच्या तीन फेऱ्यांत जे सांगितलं तेच इथे लिहिते. आकडे समजावण्यापुरते आहेत, कुठल्या एका गावाचे नाहीत.

पहिली अडचण शब्दाचीच. वर्षाच्या जमाखर्चालाही अंदाजपत्रक म्हणतात आणि एका रस्त्याचा खर्च काढतात त्यालाही अंदाजपत्रकच. म्हणून कार्यालयात सगळे पहिल्याला बजेट म्हणतात आणि दुसऱ्याला एस्टिमेट. मीही तसंच म्हणते.

बजेटच्या प्रत्येक ओळीला रकाने असतात: मागच्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा मंजूर अंदाज, त्याचा सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. सभेत सगळे शेवटचा रकाना वाचतात. तुम्ही पहिला वाचा. झालेली गोष्ट फक्त तिथे आहे, बाकीचे रकाने इच्छा आहेत.

आता जमेची बाजू. सगळ्यात वर असते आरंभीची शिल्लक. समजा ती ६ कोटी २० लाख आहे. नवीन सदस्याला वाटतं, एवढे पैसे पडून आहेत आणि माझ्या गटारीला पैसे नाहीत म्हणतात! मी तिला कागद घेऊन एकेक वजा करायला लावलं. योजनांचे आलेले, पण अजून न खर्चलेले पैसे ४ कोटी ६० लाख. ते ज्या कामासाठी आले त्यालाच लागणार. ठेकेदारांच्या अनामत रकमा ५५ लाख. त्या आपल्या नाहीतच, दोषदायित्वाची मुदत (काम बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचा काळ) संपली की परत करायच्या. मालमत्ता कराच्या पावतीवर वसूल होणारे शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर २२ लाख. ते शासनाचे, आपण नुसते गोळा करणारे. उरले ८३ लाख. त्यातून मार्चअखेर द्यायची राहिलेली देयकं ३१ लाख. शिल्लक ५२ लाख.

ती बराच वेळ त्या ५२ कडे बघत होती. हा आकडा बजेटमध्ये कुठेच छापलेला नसतो. तो सभेआधी लेखापालाकडे मागायचा. बँकनिहाय शिल्लक आणि योजनानिहाय शिल्लक, असे दोन तक्ते मागा. देताना कुरकुर झाली तरी मागा, आमच्या टेबलावर ते तयार असतात.

दुसरी ओळ मालमत्ता कराची, आणि खरा खेळ इथे आहे. चालू वर्षाची मागणी, म्हणजे लोकांना आकारलेला कर, १ कोटी ६० लाख, मागची थकबाकी १ कोटी १० लाख, एकूण मागणी २ कोटी ७० लाख. बजेटात काय लिहायचं? गेल्या तीन वर्षांची वसुली १ कोटी ३८, १ कोटी ४५ आणि १ कोटी ५२ लाख असेल, तर पुढच्या वर्षी १ कोटी ५८ किंवा ६० धरावी. पण कामांची यादी लांबली की कोणीतरी म्हणतं, "मॅडम, मागणी तर २ कोटी ७० ची आहे ना, मग तेवढं धरा की!" मागणी रजिस्टर उघडलं की कळतं थकबाकीत काय काय आहे. वीस वर्षांपूर्वी बंद पडलेली कापसाची जिनिंग. पाडलेलं घर, ज्याचा कर अजून लागतोय. एकाच घराची बापाच्या आणि मुलाच्या नावाने दुबार नोंद. कोर्टात अडकलेली दुकानं. त्यावर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढतच राहते, म्हणून आकडा फुगत जातो आणि हाती काही येत नाही.

मीही एका वर्षी तो फुगवलेला आकडा लिहिला आहे. नोकरीत नवी होते, वरून सांगितलं गेलं, लिहिला. बजेट झकास शिलकी दिसलं, टाळ्या पडल्या. त्या कागदी कोटीच्या भरवशावर अकरा कामांचे कार्यारंभ आदेश निघाले. चौदा महिन्यांनी एक ठेकेदार माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "ताई, सिमेंटवाला माझ्या दारात बसलाय, मी कोणाच्या बसू?" तेव्हापासून मी वसुलीचा आकडा तीन वर्षांच्या सरासरीच्या फार वर कधी जाऊ दिला नाही, आणि त्यासाठी शिव्याही खाल्ल्या.

पाणीपट्टी, गाळाभाडं, बाजार बैठक फी, बांधकाम परवानगीचं विकास शुल्क यांनाही हीच कसोटी लावा. मुद्रांक शुल्काच्या १ टक्का अधिभाराचा वाटा येतो, पण तो येतो तेव्हा येतो. त्याच्यावर पगाराची तारीख ठेवू नये. पगार बहुतेक सहायक अनुदानातून निघतात. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली, तिच्या बदल्यात शासन जे देतं ते हे अनुदान. म्हातारे शिपाई जकात नाक्याच्या गोष्टी अजून सांगतात. असो.

वित्त आयोगाचा पैसा बांधलेला असतो, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. २०२५-२६ पर्यंत चाललेल्या १५ व्या वित्त आयोगात आपल्यासारख्या गावांच्या निधीचे ४० टक्के मोकळे आणि ६० टक्के बंधित होते. बंधितातले निम्मे स्वच्छता आणि घनकचऱ्याला, निम्मे पिण्याच्या पाण्याला. मोकळ्यातूनही पगार देता येत नव्हते. म्हणजे १ कोटी आले तर रस्त्याकडे वळू शकतात ते फार तर ४० लाख. सभेत "वित्त आयोगातून घ्या" असं कोणी म्हणालं, की कुठल्या भागातून, ते विचारा.

आता खर्च. पगार, निवृत्तिवेतन, पथदिव्यांचं आणि पाणीपुरवठ्याचं वीजबिल, तुरटी, ब्लिचिंग पावडर, घंटागाडीचं डिझेल. यात कात्री लावून मोठी बचत होईल अशी आशा धरू नका. मग राखीव तरतुदी येतात: दुर्बल घटकांसाठी ५ टक्के, महिला व बालकल्याणाला ५, दिव्यांगांना ५. हे पैसे वर्षभर कोणी विचारत नाही आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात शिलाई मशिनांची निविदा निघते. दिव्यांगांची यादी जूनमध्येच पक्की करून रक्कम थेट खात्यावर टाकायचा आग्रह धरा, एवढं एक काम केलंत तरी पुष्कळ.

यानंतर जे उरतं, त्यात भांडवली कामं. इथे माझी पद्धत सांगते.

आधी अर्धवट राहिलेल्या कामांची यादी मागवा. ज्यांचे कार्यारंभ आदेश झाले आहेत त्यांचं उरलेलं देणं पहिलं वजा होतं. हे दायित्व लपवून नव्या कामांची यादी करणं म्हणजे उधारी न फेडता त्याच दुकानात नवा माल मागणं.

मग प्रत्येक नव्या कामाची खरी किंमत काढा. सभेत म्हणतात, "५० लाखांचा रस्ता आहे." अभियंत्याने दरसूचीप्रमाणे, म्हणजे ठरलेल्या सरकारी दरांनी, काढलेली ती मूळ रक्कम. त्यावर जीएसटी १८ टक्के, म्हणजे ९ लाख. कामगार उपकर १ टक्का, ५० हजार. झाले ५९ लाख ५० हजार, आणि साहित्य चाचणी वगैरे अजून बाहेरच. एस्टिमेट दोन वर्षं जुनं असेल तर दरसूचीही बदललेली असते. त्यामुळे ५० ची तरतूद करून ६० चं काम काढलं, की ते काम जन्मतःच अपुरं.

मोठ्या योजनांमध्ये फसवणारी गोष्ट म्हणजे स्वहिस्सा, नगरपरिषदेने स्वतःच्या खिशातून घालायचा वाटा. केंद्राच्या अमृत २.० या शहरी पाणी-सांडपाण्याच्या योजनेत एक लाखाच्या आतल्या गावाला केंद्राचा वाटा निम्मा असतो, तोही एकदम येत नाही. २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत येतो. उरलेल्यात राज्य आणि आपण. समजा १८ कोटींच्या योजनेत आपल्याला १० टक्के घालायचे आहेत. १ कोटी ८० लाख. आणि आपला मोकळा पैसा किती होता? ५२ लाख! म्हणून स्वहिस्सा तीन वर्षांत वाटून, वर्षाला ६० लाख स्वतंत्र खात्यात बाजूला काढायचे, आणि त्या तीन वर्षांत चौकातली कमान नको म्हणायचं. हे नको म्हणणं कोणीतरी करायला लागतं. मुख्याधिकारी बदलून जातात, लेखापाल गावातच राहते.

त्याहून मोठा प्रश्न, आणि हा मी प्रत्येक कामाला विचारायचे: हे चालवणार कोण? एक हिशोब करून दाखवते. नव्या पाणी योजनेत १२५ अश्वशक्तीचा एक पंप आहे. म्हणजे साधारण ९३ किलोवॅट. रोज १६ तास चालला तर दिवसाला १,४८८ युनिट, महिन्याला साधारण ४४,६४०. युनिटला ८ रुपये धरले तरी महिन्याचे साडेतीन लाखांवर, वर्षाचे ४२-४३ लाख. एका पंपाचे. योजना शासनाच्या पैशातून झाली तरी हे बिल तुमच्या महसुली खर्चात दरवर्षी येणार. उद्घाटनाआधी पाणीपट्टीचा ठराव झाला नाही, तर पाच दिवसांआड येणारं पाणी नव्या पाइपातूनही पाच दिवसांआडच येतं. आमच्याकडे बागेत रंगीत कारंजं झालं होतं. तीन महिने चाललं. चौथ्या महिन्यात वीजबिल कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे बजेटातल्या कोणत्या ओळीवर, टाकायचं यावर टिपणी फिरली, आणि ती फिरेपर्यंत त्यात बेडूक राहायला आले.

कामांचा क्रमही बजेटातच ठरवा. जमिनीखालचं आधी, वरचं नंतर. मार्चमध्ये काँक्रीट झालेली गल्ली जूनमध्ये जलवाहिनीसाठी फोडलेली मी पाहिली आहे. दोन्ही कामं मंजूर, दोन्ही वेगवेगळ्या निधीतली, दोन्ही फायली वेगवेगळ्या कपाटात. उपाय साधा: गावाचा नकाशा टेबलावर पसरायचा, दोन रंगांच्या पेन्सिली घ्यायच्या, पाणी-गटारीच्या कामांवर निळी, रस्त्यांवर लाल. जिथे दोन्ही रेघा एकमेकींवर येतात तिथला लाल रस्ता एक वर्ष मागे. अभियंत्याला शेजारी बसवून हे दीड तासात होतं.

प्रत्येक प्रभागाला सारखी रक्कम वाटायची रीत मला आवडत नाही. त्यातून वीस ठिकाणी पेव्हर ब्लॉक बसतात आणि मुख्य नाला तसाच तुंबतो. पण ती पूर्ण मोडूही नका, सभा चालणार नाही. थोडी रक्कम प्रभागांना वाटून द्या आणि दोन-तीन गावमोठी कामं त्याबाहेर ठेवा.

वेळेचं गणित उलटं मांडा. जून ते सप्टेंबर पावसाळा, डांबराची कामं बंद. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश यात दोन-तीन महिने सहज जातात. ऑक्टोबरला फावडं पडायचं तर कागद जूनमध्येच हलला पाहिजे. त्याआधी बजेटात तरतूद हवी, म्हणून लोकांकडून कामांच्या मागण्या ऑगस्ट-सप्टेंबरात घेतल्या तर त्या पुढच्या वर्षाच्या बजेटात बसतात. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अशी कामं सुचवून घेते. छोट्या गावात त्याला फॉर्मही लागत नाही, शनिवारच्या बाजारात एक टेबल मांडलं तरी चालतं.

सभेत काम वाढवायचं असेल तर उपसूचना, म्हणजे मांडलेल्या बजेटात सुचवलेला बदल, लेखी द्या, आणि तीत कोणत्या लेखाशीर्षातून किती कमी करून कुठे वाढवायचे ते लिहा. नुसतं "माझ्या गटारीला १५ लाख" म्हटलंत तर कोणी हरकत घेत नाही, आणि नंतर त्या ओळीवर १ हजार रुपयांची टोकन, नावापुरती तरतूद सापडते. शीर्ष उघडं राहिलं, गटार नाही.

आणि सभा संपली की लगेच घरी जाऊ नका. ठरावाचा मसुदा होताना सभालिपिकाशेजारी उभं राहा, तुमच्या उपसूचनेची रक्कम अंकात आणि अक्षरात दोन्हीकडे सारखी आहे का ते बघा. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम व्हायच्या आधी त्याची प्रत मागून ठेवा. आमच्या सूनबाईंनी ती मागितली. गटारीला ९ लाख मिळाले होते. अक्षरात "नव्वद हजार" लिहिलेलं होतं.