घरी ड्रम शिकताय? या चुका टाळा

ड्रम शिकायचे ठरले की आधी अख्खा सेट घ्यावासा वाटतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर घाई करू नका. पहिले काही महिने रबरी प्रॅक्टिस पॅड आणि 5ए मापाच्या (मध्यम जाडीच्या) स्टिकची जोडी पुरे. पॅड मात्र खरेच घ्या. उशीवर बडवत बसू नका. उशीवरून स्टिक उसळत नाही, आणि ती उसळी वापरायला शिकणे हाच पहिला धडा आहे.

थोडे वाजवले की हात भरून येतात, अंगठ्यापाशी फोड येतात? मग स्टिक आवळली जाते आहे. मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर अंगठा आणि तर्जनीत ती धरा, बाकीची बोटे नुसती टेकलेली राहू द्या. आता स्टिक पॅडवर सोडा. ती आपसूक चार-पाच टप्पे घेत असेल तर पकड बरोबर. एका टप्प्यात थांबली तर बोटे सैल करा. दुखत असताना जोर लावून वाजवणे ही चिकाटी नव्हे, ती मनगटाची हानी आहे.

सगळ्यात जास्त नुकसान वेगाच्या हव्यासाने होते. गाण्याच्या लयीत वाजवायचे म्हणून मुले मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र किंवा अ‍ॅप, थेट मिनिटाला 120 ठोक्यांवर लावतात, किंवा लावतच नाहीत. 60 वर लावा आणि एका ठोक्यात चार आघात बसवा. संथ लयीत दोन आघातांमधली जागा मोठी असते, त्यामुळे ती सांभाळणे उलट अवघड जाते. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. वाजवताना न जाणवलेला डाव्या हाताचा दुबळेपणा तिथे लगेच कळतो. बहुतेकदा डावी स्टिक उजवीइतकी वर उचललेलीच नसते. आरशासमोर बसून दोन्हींची उंची सारखी करा. मग पॅराडिडल घ्या: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. दर चार आघातांनी सुरुवातीचा हात बदलतो, म्हणून डाव्याला पळवाट उरत नाही.

फिल, म्हणजे ठेक्याच्या मध्ये भरलेला छोटा तुकडा, वाजवला की लय पळते, ही तक्रार जवळजवळ प्रत्येकाची असते. तबलजी तुकडा वाजवून समेवर येतो, तसे फिलनंतर पुढच्या ‘वन’वर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, नेमके यायचे असते. तीन वेळा साधा ठेका, चौथ्यांदा फिल असा सराव करा आणि फिलमध्येही तोंडाने मोजणे सोडू नका. मोजता येत नसेल तर तो फिल सध्या तुमच्यासाठी फार लांब आहे. छोटा करा.

सेटवर बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली हवेत. स्टूल बुटके असेल तर किक (पायाच्या पेडलने वाजवायचा मोठा ड्रम) जड वाटते आणि कंबर धरते.

इलेक्ट्रॉनिक सेट घेऊन हेडफोन लावले की शेजाऱ्यांना त्रास नाही, हाही गैरसमज. किक पेडलचे धक्के स्लॅबमधून खालच्या घरात जातात आणि नुसता गालिचा ते अडवत नाही. प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून केलेला चौथरा सेटखाली ठेवला तर धक्के बरेच कमी होतात. तरीही खालच्यांना एकदा विचारा, आणि दुपारची वामकुक्षीची वेळ टाळा. खरा सेट बंद खोलीत वाजवणार असाल तर आवाज 100 डेसिबलच्या वर जातो. इअरमफ किंवा इअरप्लग पहिल्या दिवसापासून घाला. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.