खेड्यात उभी असलेली जुनी स्पोर्ट्स कार कशी विकावी

पोलो जीटी, पालिओ 1.6, ऑक्टाविया आरएस, जुनी सिटी व्हीटेक. या गाड्यांचं गिऱ्हाईक आर्वी, दारव्हा किंवा मेहकरला सहसा मिळत नाही. तालुक्याचा डीलर तिच्याकडे दहा-बारा वर्षं जुनी, मायलेज न देणारी गाडी म्हणून बघतो आणि तसाच भाव सांगतो. तिची किंमत कळणारा माणूस पुण्याला, मुंबईला नाहीतर हैदराबादला बसलेला असतो. तो फोटो पाहून ठरवतो, रात्रभर रेल्वेने येतो आणि पटली तर त्याच दिवशी गाडी घेऊन निघतो. म्हणून सगळी तयारी एकाच हिशेबाने करा: इथे आल्यावर त्याला जाहिरातीत नसलेलं काहीही दिसता कामा नये. एक लपवलेला डाग सापडला की तो बाकीच्या चार खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही, आणि भाव तिथेच पडतो.

आधी कागद. लोन फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन आरसीवरची एचपी (कर्जाची नोंद) उतरवून घ्या. "लोन क्लिअर आहे, एनओसी घरी आहे" हे उत्तर लांबच्या गिऱ्हाइकाला चालत नाही. चलनं भरून टाका. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी (सरकारमान्य सुरक्षा) नंबरप्लेट लागते, ती बसवा. आरसीची 15 वर्षं संपत आली असतील तर नूतनीकरण करूनच गाडी बाजारात काढा. ते पाच वर्षांसाठी होतं आणि त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. गाडीचा रंग बदललेला किंवा इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल, तर ती नोंद होईपर्यंत जाहिरात देऊ नका.

आता गाडी. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिक लायनरमागे आणि अलॉयच्या आतल्या बाजूला आपली काळी माती बसते आणि वाळून दगड होते. रिमला चिकटलेल्या त्या ढेपेमुळे बॅलन्सिंग जातं, ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि गिऱ्हाईक समजतो सस्पेन्शन गेलं. चाकं काढून आतून धुवा, मग बॅलन्सिंग. गाडी गोठ्याजवळ किंवा कापूस ठेवलेल्या खोलीशेजारी उभी असेल तर एअर फिल्टरचा डबा आणि एसीचा ब्लोअर उघडून बघाच. उंदीर तिथे सरकीचा कापूस आणि वायरींचे तुकडे नेऊन घर करतात. बॅटरी मेली असेल तर नवी टाका. धक्का मारून सुरू होणारी गाडी दाखवू नका.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. सहा वर्षांवरचे किंवा भेगाळलेले टायर असतील तर नक्षी कितीही शिल्लक दिसो, ते बदला किंवा तेवढी किंमत कमी करून तसं लिहा. मुंबईचा माणूस गाडी समृद्धीवरून नेणार. काँक्रीटवर 120 च्या वेगाने तासन् तास, त्यात मे महिन्याचं ऊन. तिथे भेगाळलेला टायर फुटतो. हा भाव वाढवायचा मुद्दा नाही, माणसाच्या जिवाचा आहे.

तीन गोष्टी मात्र करू नका, कोणी कितीही सांगो. पहिली, नवा रंग. कंपनीचा मूळ रंग जाडी मोजणाऱ्या मीटरवर साधारण 80 ते 150 मायक्रॉन दाखवतो आणि लांबी (पुट्टी) भरलेला पत्रा कित्येकशे. जाणकार मीटर घेऊनच येतो, आणि ताजा रंग दिसला की आत अपघात आहे असंच धरतो. ओरखडे राहू द्या. दुसरी, इंजिनावर प्रेशरचं पाणी. पाणी कॉइलमध्ये आणि सेन्सरच्या सॉकेटमध्ये जातं, मिसफायर सुरू होतो. शिवाय चकाचक इंजिन म्हणजे तेलाची गळती पुसली, असा संशय येतो. कोरडा ब्रश आणि ओलसर फडकं पुरे. तिसरी, विकायच्या आदल्या दिवशी स्कॅनर लावून एरर पुसणं. कोड पुसले की रेडिनेस मॉनिटरही (गाडी स्वतःच्या यंत्रणा तपासते त्या चाचण्या) शून्यावर जातात, आणि समोरच्याच्या स्कॅनरवर ते अपूर्ण दिसतात. कोड असेल तर कारण दुरुस्त करा, नाहीतर कोडचा फोटोच जाहिरातीत टाका.

मोठा आवाज करणारा सायलेन्सर आणि खाली बसवलेल्या स्प्रिंगा काढून मूळ सामान लावा. बदलाचे सुटे भाग वेगळे विकले जातात.

खरी अडचण पुढे आहे. बहुतेक गाड्या इथेच अडतात: फोटो आणि व्हिडिओ. अंगणात दुपारी बाराला काढलेले चार फोटो, एकात कडब्याची गंजी, दुसऱ्यात काढणाऱ्याची सावली. त्यावर कोणी सातशे किलोमीटर येत नाही. विदर्भातलं दुपारचं ऊन रंग पांढरट करतं आणि पत्र्यावरचे डेंट खाऊन टाकतं. सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळायच्या तासभर आधी काढा. जागा मोकळी आणि मागे साधी भिंत: हंगाम नसताना जिनिंगचं आवार उत्तम, विचारून घ्या. पाच-सहा मीटर मागे जा, मोबाइल हेडलाइटच्या उंचीला धरा आणि दुप्पट झूम करा. जवळून काढलेल्या फोटोत बॉनेट फुगतं, मागचं चाक बारीक दिसतं, गाडीचा बांधाच बिघडतो. गाडी ओली करून फोटो काढू नका. पाण्याखाली ओरखडे लपतात आणि ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे.

पंचवीस-तीस फोटो हवेत. चारही कोपरे, चारही टायर आकड्यांसह, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, स्टिअरिंगचं झिजलेलं चामडं, क्लस्टरवरचे (स्टिअरिंगमागच्या मीटरवरचे) किलोमीटर, डिकीतल्या स्टेपनीची खाच. वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवून खालून काढलेले चार फोटो तर हवेतच: सायलेन्सर, इंजिनखालची बाजू, दोन्ही बाजूंच्या सिल (दरवाजांखालच्या पट्ट्या). प्रत्येक ओरखड्याशेजारी रुपयाचं नाणं धरून वेगळा फोटो काढा, म्हणजे माप कळतं.

व्हिडिओ एकच, पण न कापलेला, आणि थंड इंजिनाचा. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी बॉनेटवर हात ठेवून सुरुवात करा. मग क्लस्टरवर या, चावी अर्धी फिरवा आणि थांबा. एअरबॅग, एबीएस, इंजिन, सगळे दिवे आधी लागलेले दिसले पाहिजेत आणि मग विझलेले. जो दिवा लागतच नाही, त्याचा बल्ब काढलाय असं जाणकार लगेच ओळखतो. आता स्टार्ट करा आणि मोबाइल न थांबवता मागे सायलेन्सरकडे जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. आरपीएम खाली बसेपर्यंत दोन-तीन मिनिटं आवाज येऊ द्या. मागे गाणं लावू नका. डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) गाडी असेल तर पहिला, दुसरा आणि रिव्हर्स टाकतानाचा तुकडाही घ्या, कारण पहिला प्रश्न तोच येणार.

मजकुरात "टकाटक", "शोरूम कंडिशन", "डॉक्टरांनी वापरलेली" हे शब्द नकोत. आकडे लिहा. उदाहरणार्थ:

"पोलो जीटी टीएसआय. उत्पादन ऑगस्ट 2014, नोंदणी ऑक्टोबर 2014, एमएच-29. दुसरा मालक. दोष: डावा मागचा दरवाजा रंगवलेला, बंपर खालून घासलेला, छताचं कापड मागे सुटलेलं, गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला हलका धक्का. 81,400 किमी, सर्व्हिसची बिलं 62,000 पर्यंत कंपनीची, पुढची बाहेरची. आरसी ऑक्टोबर 2029 पर्यंत, एचपी नाही, चलन नाही. टायर 2024 चे. दोष: डावा मागचा दरवाजा रंगवलेला, बंपर खालून घासलेला, छताचं कापड मागे सुटलेलं, गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला हलका धक्का. गाडी बाभुळगावला, धामणगाव स्टेशनवरून न्यायला येईन."

दोष वर लिहा, शेवटी नाही. किंमतही लिहा, "किंमत फोनवर" म्हटलं की खरा गिऱ्हाईक पुढे सरकतो. सारख्या गाड्यांच्या जाहिराती बघा, पण ती मागणी असते, विक्री नव्हे. महिनाभर तशीच पडून असलेली जाहिरात म्हणजे तो भाव जास्त आहे. डिसेंबर उजाडायच्या आत विका. जानेवारीत गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते.

"भाऊ, लास्ट किती होईन?" असे फोन येतील. गाडी न बघता भाव कमी करू नका. पैसे पाठवायला क्यूआर स्कॅन करा म्हणणारा, मग तो स्वतःला फौजी म्हणवो की अधिकारी, चोर आहे. क्यूआर आणि पिन पैसे द्यायला लागतात, घ्यायला नाही. चॅसिस नंबर, आधार आणि ओटीपी फोनवर कोणालाच देऊ नका.

चक्कर मारायला द्यायच्या आधी लायसन्स बघा, विमा चालू ठेवा, शेजारी स्वतः बसा.

पैसे बँकेतून घ्या, आणि मेसेज नव्हे तर स्वतःच्या ॲपवर शिल्लक बघून चावी द्या. दोन लाख किंवा त्यावर रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. नाव बदलाचे फॉर्म 29 आणि 30 कोरे सही करून कधीही देऊ नका. परराज्यातला गिऱ्हाईक असेल तर फॉर्म 28 ची एनओसी लागते. डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. आरटीओकडे कळवायला राज्यातल्या राज्यात तुम्हाला 14 दिवस आहेत. नाव बदलेपर्यंत कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच, अपघाताची भरपाईही तुमच्याकडेच येऊ शकते; सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणून परिवहनच्या पोर्टलवरचा नाव बदलाचा अर्ज गाडी जायच्या आधी भरा. काचेवरचा फास्टॅग काढून बंद करा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची विम्यातली सूट) तुमचा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या, पुढच्या गाडीला कामी येतं.