वेक्टर फाइल फोटोशॉपमध्ये उघडताना या चुका टाळा

लोगो कोरलमध्ये (कोरलड्रॉ या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये) धारदार, फोटोशॉपमध्ये उघडला की कडा फाटलेल्या. डीटीपीच्या दुकानात ही तक्रार रोजचीच. बहुतेक वेळा घात होतो तो घाईत दाबलेल्या ओकेने.

एआय (इलस्ट्रेटर या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरची फाइल), ईपीएस किंवा पीडीएफ अशी वेक्टर, म्हणजे रेषांनी बनलेली फाइल फोटोशॉपमध्ये ओपन केली की आधी एक विंडो येते. त्यात माप, रेझोल्यूशन (इंचाला किती पिक्सेल, म्हणजे रंगीत ठिपके) आणि कलर मोड विचारलेला असतो. इथे ओके दाबलं की रेषांचे पिक्सेल झाले. ए-४ पान ७२ रेझोल्यूशनवर उघडलं तर हाती ५९५ बाय ८४२ पिक्सेल येतात, ३०० वर तेच २४८० बाय ३५०८. काही जण ७२ वर उघडून मग इमेज साइजमध्ये ३०० टाकतात. पिक्सेल वाढतात, धार कुठून येणार? ती फाइल बंद करून मूळ फाइल पुन्हा उघडा.

उलटा हट्टही नको. १० बाय ६ फुटांचा फ्लेक्स ३०० वर उघडला तर रुंदी ३६,००० पिक्सेल होते. पीएसडी (फोटोशॉपची नेहमीची फाइल) ३०,००० च्या पुढे सेव्हच होत नाही, पीएसबी (मोठ्या मापाची फोटोशॉप फाइल) करावी लागते, आणि तोवर मशीनने मान टाकलेली असते. लांबून बघायच्या फ्लेक्सला ७२ चालतं.

लोगो दुसऱ्या डिझाइनमध्ये टाकायचा असेल तर ओपन करूच नका, प्लेस एम्बेडेड वापरा. तो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून बसतो, म्हणजे मूळ वेक्टर आत जशीच्या तशी राहते. लहान-मोठा केला तरी कडा शाबूत राहतात.

एआय उघडल्यावर चित्राऐवजी इंग्रजी सूचनाच दिसली, तर इलस्ट्रेटरमध्ये सेव्ह करताना 'क्रिएट पीडीएफ कम्पॅटिबल फाइल'वरची टिक काढलेली असते. ज्याने पाठवली त्याच्याकडून टिक लावून परत मागवा.

सीडीआर, म्हणजे कोरलची फाइल, फोटोशॉप घेतच नाही. नावापुढे एआय लिहून काही होत नाही (करतात लोक!). कोरलमधून पीडीएफ काढून घ्या. कोरल नसेल तर इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याच सीडीआर उघडतात, पण मजकूर नीट तपासा.

मराठी मजकुराची गोची वेगळीच. पत्रिका जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये असेल आणि तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल, तर वधू-वरांच्या नावांजागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. म्हणून पाठवणाऱ्याने कोरलमध्ये कंट्रोल-क्यू दाबून मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या रेषांमध्ये, करावा. मात्र त्यानंतर वेलांटीसुद्धा टाइप करून सुधारता येत नाही. तेव्हा प्रूफ आधी वाचून घ्या, आणि कर्व्ह न केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा.