साथीच्या काळात सहलीला जावे का? निर्णय कसा घ्यावा

साथीच्या काळात देशातल्या देशात कुठेतरी चार दिवस जाऊन येण्याचा विषय घरात निघाला की चर्चा बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरते : तिथे जायला परवानगी आहे का, आणि आपल्याला लागण होईल का. हे दोन्ही प्रश्न आवश्यक आहेतच. परंतु २०२० ते २०२२ या काळात, कोविडच्या लाटांमध्ये, महाराष्ट्रात आणि गोव्यात जे पाहायला मिळाले त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की त्यांच्याही आधी तिसरा एक प्रश्न विचारला पाहिजे. मुक्कामाच्या तिसऱ्या रात्री आपल्यापैकी कोणाला ताप भरला, तर पुढचे सात ते दहा दिवस आपण कुठे, कसे आणि कोणाच्या आधाराने काढणार? याचे तपशीलवार उत्तर देता येत असेल तर बेत पुढे न्यावा. येत नसेल तर परवानगी असली तरी जाऊ नये. पुढील विवेचन कोविडच्या अनुभवावर बेतलेले आहे, आणि श्वासावाटे पसरणाऱ्या इतर साथींनाही ते थोड्याफार फरकाने लागू पडेल.

सुरुवात घरातून

सहलीला कोण जाणार याची यादी सगळेच करतात. जे जाणार नाहीत त्यांचीही यादी करावी. परतल्यावर ज्यांच्याशी रोज संबंध येणार आहे ती माणसे, म्हणजे घरी राहिलेली आजी, डायलिसिसवर असलेले शेजारचे काका, घरकामाला येणाऱ्या मावशी, कार्यालयात शेजारी बसणारी गरोदर सहकारी, ही सर्व आपल्या सहलीच्या धोक्यात सहभागी असतात आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. घरात साठीपुढची व्यक्ती, मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर निर्णय त्या व्यक्तीच्या प्रकृतीवरून घ्यावा. घरातल्या तरुण मंडळींना आपले काही होणार नाही असे वाटत असते, आणि बऱ्याचदा ते खरेही असते. पण म्हणूनच त्यांच्या धाडसावर हा निर्णय सोपवू नये.

लस उपलब्ध झालेली असल्यास सर्वांचे लसीकरण पूर्ण आहे का ते पाहावे. कोविडच्या वेळी दुसरी मात्रा घेतल्यावर १४ दिवस उलटल्यानंतरच लसीकरण पूर्ण मानले जात असे, आणि कोविशील्डच्या दोन मात्रांमधले अंतर २०२१ मध्ये १२ ते १६ आठवड्यांपर्यंत वाढवले गेले होते. त्यामुळे मे महिन्याच्या सुटीसाठी हिशेब जानेवारीपासूनच करावा लागतो. लस तीव्र आजारापासून बऱ्यापैकी संरक्षण देते, मात्र लस घेतलेली व्यक्ती विषाणू घरी आणू शकते, हेही या हिशेबात धरले पाहिजे.

आकडे कोणते पाहावेत

रोज बातम्यांत सांगितला जाणारा राज्यातील एकूण रुग्णांचा आकडा या निर्णयासाठी फारसा उपयोगी नाही. पाहायचे ते आपल्या जिल्ह्याचे आणि जिथे जायचे त्या जिल्ह्याचे दोन आकडे. पहिला चाचण्यांतील बाधितांच्या प्रमाणाचा, म्हणजे शंभर चाचण्यांमागे किती जण बाधित निघाले याचा; दुसरा, प्राणवायूच्या सोयीसह असलेल्या खाटांपैकी किती भरलेल्या आहेत याचा. चाचण्याच कमी केल्या तर रुग्णसंख्या घटल्यासारखी दिसते, परंतु बाधितांचे प्रमाण तेव्हा वाढलेले असते, म्हणून पहिला आकडा अधिक विश्वासाचा. दुसरा आकडा आपल्या तिसऱ्या रात्रीच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे.

महाराष्ट्र शासनाने जून २०२१ मध्ये निर्बंध शिथिल करताना नेमके हेच दोन निकष धरून जिल्ह्यांचे पाच स्तर केले होते. बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आणि प्राणवायूच्या भरलेल्या खाटा २५ टक्क्यांहून कमी असलेला जिल्हा पहिल्या स्तरात येई, तर प्रमाण २० टक्क्यांवर किंवा भरलेल्या खाटा ७५ टक्क्यांवर गेल्या की तो पाचव्या स्तरात जाई. शासनाने असे स्तर जाहीर केलेले नसले, तरी घरच्या घरी हीच फूटपट्टी लावता येते. माझ्या मते दोन्ही जिल्ह्यांत बाधितांचे प्रमाण सलग दोन आठवडे ५ टक्क्यांच्या खाली आणि उतरते असेल, तरच सहलीचा विचार करावा. एका दिवसाच्या आकड्यावरून काहीही ठरवू नये, कारण रविवारी चाचण्या कमी होतात आणि सोमवारचा आकडा फसवा असतो.

राज्याची सरासरी किती दिशाभूल करू शकते याचे ठळक उदाहरण ऑगस्ट २०२१ मधले आहे. दुसरी लाट ओसरल्याचे वातावरण असताना राज्याने बहुतेक जिल्ह्यांतील निर्बंध सैल केले, पण ११ जिल्ह्यांत ते कायम ठेवले. त्यांत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग होते. म्हणजे लोणावळा, महाबळेश्वर, पन्हाळा, अलिबाग, गणपतीपुळे आणि तारकर्ली ही मुंबई-पुण्याच्या माणसाला सुटीत आधी आठवणारी ठिकाणे जवळजवळ सगळीच या जिल्ह्यांत येत होती.

तिसऱ्या रात्रीची तयारी

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. नकाशा उघडून मुक्कामाच्या जागेपासून प्राणवायूची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, ते किती अंतरावर आहे आणि रात्री दोन वाजता तिथे कोण नेणार, हे लिहून काढावे. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय असते. परंतु अतिदक्षता विभाग आणि तज्ज्ञ डॉक्टर बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळतात. सिंधुदुर्गातील गंभीर रुग्ण अनेकदा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून पुढे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागतात, आणि ते मालवणहून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. साथीच्या सुरुवातीला तर या जिल्ह्यातले तपासणीचे नमुनेही मिरजेला पाठवावे लागत होते. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने रुग्णाला खाली कसे उतरवणार हा विचार वेगळा करावा लागतो.

पावसाळ्यात जाणार असाल तर रस्ता चालू राहील असे गृहीत धरू नये. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पुराने वेढले तेव्हा रुग्णालयातही पाणी शिरले, आणि त्याच दिवसांत घाटांतील दरडींमुळे व महामार्गांवरील पाण्यामुळे कोकण आणि कोल्हापूरकडची वाहतूक खोळंबली होती. साथ आणि अतिवृष्टी एकत्र आली की जवळचे रुग्णालयही दूरचे होते.

सौम्य आजार असेल तर रुग्णालयाची गरज पडत नाही, पण विलगीकरणाची पडते, आणि बहुतेक बेत इथेच कोसळतात. हॉटेलमालक बाधित पाहुण्याला आणखी आठवडाभर ठेवून घेईल का, त्याचे पैसे कोण देणार, जेवण दाराशी कोण ठेवणार, मुले असतील तर त्यांच्याजवळ कोण झोपणार, आणि वाढीव रजा मिळेल का? स्वतःची गाडी असली तरी तापाने फणफणलेल्या माणसाला बंद गाडीत बसवून सात-आठ तास प्रवास करणे हे उत्तर नव्हे. त्यात गाडीतले सगळेच बाधित होऊ शकतात. म्हणून खर्चाच्या अंदाजात एका आठवड्याच्या जादा मुक्कामाची रक्कम धरावी. ती परवडत नसेल तर सहल परवडत नाही असे समजावे.

सामानात थर्मामीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, घरीच करता येण्याजोग्या तपासणीचे संच मिळत असतील तर ते, नेहमीची औषधे ठरल्यापेक्षा दोन आठवडे जास्त, आणि सर्वांच्या आरोग्य विम्याच्या पत्रांच्या प्रती असाव्यात. ऑक्सिमीटर निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या बोटाला लावून नेहमीचा आकडा लिहून ठेवावा. नखावर गडद रंग किंवा मेंदी असेल किंवा बोट गार पडले असेल तर तो चुकीचा आकडा दाखवतो. कोविडमध्ये हा आकडा ९४ च्या खाली जाणे ही डॉक्टरांना तातडीने गाठण्याची खूण होती.

जिथे जायचे त्यांचे म्हणणे

मे २०२० मध्ये मुंबईहून गावी परतलेल्या चाकरमान्यांना कोकणातील कित्येक गावांनी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये १४ दिवस ठेवले. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात आधी येणाऱ्यांना १० दिवसांचे विलगीकरण आणि उशिरा येणाऱ्यांना तपासणी, असे नियम करावे लागले. स्वतःच्या गावच्या माणसांबाबत एवढी धास्ती होती. ती अनाठायी नव्हती, कारण एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर अवलंबून असलेल्या पंचक्रोशीत दहा रुग्ण एकदम वाढले तरी यंत्रणा कोलमडते. आपण पर्यटक म्हणून जातो तेव्हा आजारी पडल्यास तिथल्या मोजक्या खाटांपैकी एक खाट घेतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. न्याहारी-निवास चालवणारी कुटुंबे, तारकर्लीचे बोटवाले, माथेरानचे घोडेवाले, महाबळेश्वरचे टॅक्सीचालक यांचे दोन-दोन हंगाम बुडाले. २०२० च्या निसर्ग आणि २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळाने किनाऱ्यावरच्या अनेकांची घरे आणि बागाही मोडल्या. पर्यटकांनी येऊच नये, असे सरसकट सांगणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. म्हणून मी असे सुचवीन की लाट चढती असताना जाऊ नये. उतरली की जावे, आठवड्याच्या मधल्या दिवसांत जावे, आणि चार दिवसांत तीन ठिकाणे करण्याऐवजी एकाच घरी चार दिवस राहावे. आधी केलेले आरक्षण रद्द करावे लागले, तर पैसे परत मागण्याऐवजी तारीख पुढे ढकलून घ्यावी. मोठ्या हॉटेलपेक्षा घरगुती निवासाला या सवलतीचा फार आधार होतो.

मालकांना दूरध्वनी करून नेमके विचारावे. खोल्या किती, त्यांतल्या किती भरलेल्या असतील, खिडक्या दोन बाजूंना उघडतात का, जेवण ओसरीवर किंवा अंगणात मिळेल का, घरात वृद्ध माणसे आहेत का. शेवटी, “गावात सध्या काय वातावरण आहे?” हे अवश्य विचारावे आणि उत्तर लक्षपूर्वक ऐकावे. कोकणातला यजमान पाहुण्याला तोंडावर नको म्हणत नाही. तो “या की तुम्ही, पण…” म्हणून क्षणभर थांबला, तर त्या थांबण्याचा मान राखून तारीख बदलावी.

नियम, तपासणी आणि प्रवास

नियम राज्याचे वेगळे, जिल्हाधिकाऱ्यांचे वेगळे आणि शेजारच्या राज्याचे आणखी वेगळे असू शकतात, आणि ते एका रात्रीत बदलतात. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १० मे २०२१ पासून गोव्यात शिरताना ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल बंधनकारक झाला. त्याच वर्षी कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे अहवाल मागितल्यावर सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरून गाड्या परत फिरवल्या गेल्या. त्यामुळे समाजमाध्यमांवरून फिरत आलेला संदेश ग्राह्य न धरता जिल्हा प्रशासनाचा मूळ आदेश, त्याची तारीख आणि मुदत वाचावी, आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येक जिल्ह्याचा वाचावा.

निगेटिव्ह अहवाल म्हणजे निर्धोकपणाचा दाखला नव्हे. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी चार-पाच दिवस, क्वचित चौदा दिवसही जातात, आणि सुरुवातीच्या दिवसांत केलेली तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. निघण्यापूर्वीचा आठवडा लग्नसमारंभ, मॉल आणि पार्ट्यांपासून दूर राहून काढणे हे त्या कागदाइतकेच मोलाचे आहे.

प्रवास आणि मुक्काम निवडताना हवा मोकळी आहे की कोंडलेली, एवढेच पाहिले तरी बरेच काम होते. खिडक्या उघड्या ठेवलेली स्वतःची गाडी किंवा साधी एसटी ही वातानुकूलित बंद बसपेक्षा बरी. महामार्गावरच्या फूडमॉलमध्ये रांगेत उभे राहून खाण्यापेक्षा घरून नेलेली पोळी-भाजी झाडाखाली खावी. जुलै २०२१ मध्ये मनाली आणि मसुरीला मुखपट्टीविना उसळलेल्या गर्दीबद्दल पंतप्रधानांनाही जाहीर चिंता व्यक्त करावी लागली होती. निसर्गरम्य म्हणून गाजलेल्या जागी हवा मोकळी असली तरी माणसाला माणूस खेटून उभा असतो. आपल्या मनातले ठिकाण भुशी धरणासारखे असेल, तर त्याऐवजी नाव नसलेला एखादा किनारा किंवा माळ शोधावा.

निर्णय कधी आणि कसा पक्का करावा

बेत ठरवतानाच तो कोणत्या परिस्थितीत मोडायचा हे कागदावर लिहून ठेवावे, कारण बॅगा भरल्यावर आणि मुलांना सांगून झाल्यावर कोणाचेच मन रद्द करायला धजत नाही. बाधितांचे प्रमाण अमुक टक्क्यांवर गेले, प्राणवायूच्या खाटा निम्म्याहून अधिक भरल्या, घरात कोणाला सर्दी-ताप आला किंवा यजमानांनी नापसंती दाखवली, तर जायचे नाही. हा कागद एक आठवडा आधी, दोन दिवस आधी आणि निघायच्या सकाळी असा तीनदा वाचावा. आरक्षण करताना पूर्ण परतावा किंवा तारीख बदलण्याची सोय कोणत्या दिवसापर्यंत आहे ते लेखी घ्यावे. प्रवासविम्यात साथीमुळे झालेले नुकसान वगळलेले असते का, हे अटी वाचूनच विमा घ्यावा.

सुटीचा हिशेब परतल्या दिवशी संपवू नये. त्यानंतरचे पाच ते सात दिवस आजी-आजोबांकडे जाऊ नये, शक्य असेल तर घरून काम करावे, आणि घसा खवखवला तरी तपासणी करून घ्यावी. ती पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांना, गाडीच्या चालकाला आणि जेवण करून देणाऱ्या काकूंना कळवावे, म्हणजे त्यांना त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वेळीच वेगळे ठेवता येईल.